दत्ताशेठ, बाजार बंद ठेवला

दत्ताशेठ, तुम्ही गेलात त्या दिवशी मी बाजार बंद ठेवला. तुमच्या सांगण्याविरुद्ध ठेवला आणि ऐन लगीनसराईत ठेवला. तुम्हाला ते आवडलं नसणार, हे मला ठाऊक आहे. पण उलट बोलायला तुम्ही नव्हता, म्हणून माझं चाललं. इतक्या वर्षांच्या भांडणात माझं चालल्याची ही पहिलीच वेळ, आणि त्याचं सुख काडीचं मिळालं नाही.

गंगाखेडच्या मेन रोडवर तुमचं कापडाचं दुकान आणि माझं बांगड्यांचं, समोरासमोर. मधून रिक्षा, मोटारसायकली, हातगाडे आणि एखादी गाय. त्या सगळ्याच्या डोक्यावरून आपण बोलायचो. नवीन माणसाला वाटायचं, हे दोघे भांडायलेत. जुन्याला माहीत होतं की खरंच भांडायलेत.

आपल्या लाइनीची रीत तुम्हाला मी काय सांगावी. लाइनीतला दुकानदार गेला की एकजण या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता चालत जायचा आणि हळू आवाजात सांगायचा, अमके गेले. तो पुढे जायचा आणि त्याच्यामागे एकेक दुकान खाली यायचं. मयत बाजारातून गोदावरीकडे जाईपर्यंत आणि माणसं आंघोळ करून परत येईपर्यंत कोणी शटर उचलायचं नाही. आत गिऱ्हाईक असलं तरी हात जोडून त्याला उठवायचं. ही रीत कोणी घातली ते कोणाला माहीत नाही. मोडायची कोणाची छाती नव्हती. मोडायची गोष्ट काढली ती तुम्ही.

आणि तुम्ही काढावी, याचाच मला राग यायचा. कारण माझे मालक गेले तेव्हा सगळ्यात आधी शटर तुमचं खाली आलं होतं. तेव्हा तुमच्या गादीवर बस्ता बसला होता. दोन्हीकडची माणसं, शालू उलगडलेले, चहा अर्धा प्यालेला. लग्नाचा बस्ता म्हणजे कापडवाल्याचा सण, आणि तुम्ही तो भरल्या ताटावरून उठवला. मी मयतीच्या मागे आपल्या दुकानाच्या पायरीपर्यंत आले. बायकांनी तिथून पुढे जायचं नसतं. मी मान वर केली तर दोन्ही बाजूंनी पत्र्याची शटरं खाली. एवढा गजबजलेला रस्ता, आणि त्यावर फक्त पायांचा आवाज. तोपर्यंत मला वाटत होतं की माणूस माझा गेला. तेव्हा कळलं की या रस्त्याचाही गेला. दत्ताशेठ, त्या बंद शटरांनी मला जेवढं धरलं तेवढं माझ्या भावांनी धरलं नाही.

नंतर सगळे म्हणाले, दुकान भाड्यानं द्या, बाईमाणूस कुठं बाजारात बसणार. तुम्ही रस्ता ओलांडून आलात आणि म्हणालात, "वहिनी, बसा गल्ल्यावर. बांगड्या भरायला हात लागतेत, मिशा लागत न्हाईत." मी तेराव्यानंतर पहिल्यांदा हसले ते त्या वाक्याला. आणि बसले.

मग तुमच्याकडचे बस्ते माझ्याकडे यायला लागले. कपडे झाले की तुम्ही नवरीला आणि करवल्यांना माझ्याकडे धाडायचे, हिरव्या चुड्यासाठी. मी भांड्यांच्या दुकानाकडे पाठवायची, भांडीवाले भांड्यांवर नावं घालून पुढे मिठाईवाल्याकडे. एक लग्न आलं की अर्ध्या लाइनीची चूल पेटायची.

तुमचा बस्ता बघणं ही करमणूक होती, हे आता सांगायला हरकत नाही. दुपारी माझ्याकडे गिऱ्हाईक नसलं की मी तेच बघत बसायची. नवरीची आई किंमत बघतेय, नवऱ्याची आई पोत बघतेय, आणि तुम्ही दोघींच्या मध्ये साड्या उडवत बसलेले, जसं काही तुमच्या घरचंच लग्न. तुमची खरी नजर साडीवर नसायचीच. कोणती आत्या कोपऱ्यात तोंड पाडून बसलीय, ती तुम्ही आल्याआल्या हेरायचे. मानाच्या साड्या वाटताना एक आत्या रुसणार म्हणजे रुसणारच. तिच्यासाठी एक साडी तुम्ही आधीपासून मांडीखाली दाबून ठेवायचे. तिचं तोंड वाकडं झालं की ती काढून म्हणायचे, ही तर मी तुमच्यासाठीच बाजूला ठेवली होती. रुसव्याची साडी. मी तुम्हाला म्हणाले होते, शेठ, हे खोटं आहे. तुम्ही म्हणालात, साडी तर खरी हाय ना.

मग बायपासला ते तीन मजली दुकान झालं. थंडगार, आरशांचं, सरकत्या जिन्याचं. सुरुवातीला आपण हसलो. पायातल्या चपला काढायच्या नाहीत आणि गादीवर बसायचं नाही, असला कसला बस्ता, असं तुम्ही म्हणायचे. पण पोरांना तिथं फोटो काढायला आवडायचं आणि पोरांचं आईबाप ऐकतात. उरलेलं घरपोच पार्सलनं नेलं. माझ्याकडे येऊन पोरी मोबाइलमधल्या बांगड्या दाखवतात, अशा आहेत का विचारतात, नसल्या तर तिथंच उभं राहून मागवतात. भांडीवाल्यांनी दुकान मोबाइलवाल्याला दिलं. दोरखंडवाले गेले, त्यांच्या जागी आता चष्मे मिळतात. ऊसतोडीहून माणसं गावी परतली की आपली लाइन फुगून यायची, यंदा त्यांच्या गाड्याही सरळ बायपासला थांबल्या.

तुम्ही हातपाय मारले नाहीत असं नाही. दर्शनी भागाला काच लावलीत. एसी आणलात, तो सुरू केला की सगळ्या लाइनीची वीज जायची. आणि तो नवरीचा पुतळा. पुतळ्याला शालू नेसवलात आणि परकी बाईमाणूस रस्त्यावर उभी कशी ठेवायची म्हणून डोक्यावरून पदर ओढून दिलात. तोंडच दिसेना. मी आठवडाभर तुम्हाला सुनबाई कशा आहेत म्हणून विचारत होते. हसत होते, पण रात्री गल्ला मोजायला मलाही फार वेळ लागत नव्हता.

याच दिवसांत तुम्ही ती गोष्ट काढलीत. चहा पीत होतो. तुम्ही म्हणालात की माझ्या मालकांच्या दिवशी जो बस्ता तुम्ही उठवला, तो परभणीला गेला आणि त्या घराचा एकही बस्ता पुन्हा तुमच्याकडे आला नाही. मी म्हणाले, इतक्या वर्षांनी त्याचा पस्तावा करायलाव का?

"न्हाई वहिनी. त्यांच्यासाठी केलं ते केलं," तुम्ही म्हणालात. "पण मी गेल्यावर बाजार बंद ठेवू नका. मेलेल्याला काय कळतंय? जित्याला वाट दिसत न्हाई, तो दुसरीकडं जातो."

मी कप आपटला. म्हणाले, उद्या मी मेल्यावर तुम्ही समोर साड्या उडवत बसणार काय? तुम्ही म्हणालात, बसणार. त्या दिवसापासून हे भांडण कधी मिटलं नाही. कधी मी काढायची, कधी तुम्ही. तुम्ही मुहूर्ताचं सांगायचे, बायपासचं सांगायचे, एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही हे तर रोजचंच. मी म्हणायची, सगळं विकायला काढलंय, निदान मरण तरी विकू नका. यात माझी बाजू वरचढ आहे असं मला वाटायचं. अजूनही थोडंसं वाटतं.

त्या दिवशी सकाळी तुम्ही दुकानात यायला निघालात आणि घराच्या दारातच बसलात, ते उठलाच नाहीत. निरोप आला तेव्हा मी दुकानापुढे पाणी मारत होते. असं सांगत चालायचं काम व्यापारी मंडळाच्या अध्यक्षांचं, ते नांदेडला गेलेले. मग मीच निघाले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक दुकानापुढे थांबून, दत्ताशेठ गेले. जुन्यांनी लगेच शटरं ओढली. मोबाइलवाल्या पोरानं किती वेळ काकू, असं विचारलं, मी नुसतं बघितलं, त्यानंही ओढलं. बायपासला सांगायला कोणी गेलं नाही. ते लाइनीत येत नाही.

परत आले तर तुमच्या पायरीपाशी टेम्पो उभा. ताडकळसचे किसनराव, त्यांची म्हातारी आई, बायको, बहीण, लग्नाची पोरगी. परभणी सोडून, पूर्णा सोडून ही माणसं एवढ्या लांब तुमच्याकडे आलेली, कारण किसनरावांचा स्वतःचा बस्ता तुमच्या गादीवर झाला होता. मागोमाग नवऱ्याकडच्यांची जीपही आली. मी सांगितलं. किसनरावांनी टोपी काढली आणि खाली पायरीवरच बसले. म्हातारी माझ्याकडे बघत म्हणाली, "असं कसं माय? काल फोनवर बोललेत की. या म्हणले, गादी घालून ठेवतो म्हणले."

नवऱ्याच्या चुलत्यांनी घड्याळ बघितलं. माणूस वाईट नव्हता. लग्न तोंडावर आलेलं, ब्लाउज शिवायचे राहिलेले, दोन्हीकडची माणसं पुन्हा एका दिवशी जमणं कठीण. तेवढ्यात घरून निरोप आला, तुमच्या सुमनबाई बोलावतायत.

मी गेले. त्या तुमच्या उशाशी बसल्या होत्या. डोळे कोरडे. म्हणाल्या, "वहिनी, ताडकळसचे आलेत म्हणं. दुकान उघडा. पुतण्या बसंल गादीवर. यांना बंद आवडायचं न्हाई."

मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, सुमनबाई, असं कुठं असतंय का? मला वाटलं, बाई दुःखानं बोलतेय, उद्या शुद्धीवर आली की मलाच म्हणेल, तुम्ही माझ्या माणसाची मयत साड्यांच्या बाजारातून नेलीत. मला माझी ती बंद शटरं आठवत होती. त्यांनाही ती मिळायला हवी होती. मी परत बाजारात येऊन पाहुण्यांना सांगितलं, संध्याकाळपर्यंत थांबा, मग उघडू. चुलते म्हणाले, जमणार न्हाई बाई. जीप बायपासकडे वळली. नवऱ्याकडचे गेल्यावर किसनराव काय करणार? टेम्पोही गेला. म्हातारी तेवढी गेली नाही. ती माझ्या पायरीवर बसून राहिली.

तुम्हाला नेलं तेव्हा सगळी लाइन बंद होती. एकही फट नव्हती, शेठ, तुम्हाला मी त्यात कमी पडू दिलं नाही. किसनराव धावतपळत घाटावर पोचले, टेम्पोत बायपासच्या दुकानाच्या चकचकीत पिशव्या तशाच ठेवून. सुमनबाई कोपऱ्यापर्यंत आल्या. मी त्यांच्या शेजारी उभी होते. वाट बघत होते की त्या मान वर करतील आणि मला जे दिसलं होतं ते त्यांना दिसेल. त्यांनी मान वर केली, तुमच्या शटरकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. ते तोंड फिरवणं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

पुढचं म्हातारीनं सांगितलं. दहाव्याला ती नातीला घेऊन चुडा भरायला आली होती. बायपासला म्हणे बसायला जागा नव्हती, ज्यानं त्यानं आपापली टोपली घेऊन फिरायचं. पोरीची आत्या रुसली, ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही. आता लग्नाला हळदीपुरतीच येणार, असं सांगून ती बसली होती. म्हातारी मला दोष देत नव्हती, पण देत असती तर बरं झालं असतं.

तुमचा अजय पुण्याहून त्या दिवशी दुपारी पोचला होता. तेरावा झाल्यावर तो माझ्याकडे आला. दुकान भाड्यानं देतोय, माल नांदेडचा व्यापारी एकगठ्ठा उचलणार आहे, गठ्ठे बांधणं चालू आहे, असं त्यानं सांगितलं. माझ्या मनात दिवसरात्र जे चाललं होतं ते तोंडावाटे आलं. मी म्हणाले, बाबा रे, त्या दिवशी मी तो बस्ता घालवला नसता तर तू दुकान ठेवलं असतंस का?

अजय म्हणाला, न्हाई काकू, तुम्ही उगाच जिवाला लावून घेऊ नका. दुकान राहणार नव्हतंच. बाबांनीच गेल्या वर्षी सांगितलं होतं, माझ्यामागं यात अडकू नको.

मला धक्का बसला. रोज माझ्याशी गिऱ्हाइकासाठी भांडणारे तुम्ही, आणि घरी हे ठरवून बसलेले? मी विचारलं, मग बाजार बंद ठेवू नका, म्हणून माझ्याशी का भांडायचे?

त्यानं बांगड्यांचं तिरपं झालेलं एक खोकं नीट लावलं. "ते म्हणायचे, मी गेल्यावर एक दिवस तरी दुकान चालू दे. मानूस आन् दुकान एकाच दिवशी गेलं, असं व्हायला नको. एक दिवस चालू दे, मग दे कुनालाबी."

दत्ताशेठ, तुम्हाला काय म्हणू मी? मुहूर्त सांगितलात, परभणी सांगितलीत, बायपास सांगितलात. जे सांगायचं ते सोडून सगळं सांगितलंत. भांडायला तुम्हाला इतकी वर्षं मिळाली आणि हे एक वाक्य बोलायला सवड मिळाली नाही? मी धंद्याशी भांडत होते, शेठ. तुम्ही एक दिवस मागताय हे मला कळलं असतं तर मी स्वतःच्या हातानं ते शटर उचललं असतं, मग लाइन मला काहीही म्हणो. सुमनबाई सांगत होत्या, त्यांचंही मी ऐकलं नाही. मला माझ्या माणसाचं मरण एवढं मोठं झालं होतं की तुमचं मरण मी त्याच्याच मापानं कापलं.

रात्रभर तुमच्यावर रागावले आणि सकाळी अजयकडे किल्ली मागितली. तो म्हणाला, काकू, आत काही उरलं नाही, गठ्ठे रात्रीच गेले. मी म्हणाले, नसू दे.

काल सकाळी आम्ही तुमचं दुकान उघडलं. फळ्या रिकाम्या, काच धुळीनं भरलेली. सुमनबाईंनी घरून धुतलेली चादर आणली आणि गादीवर घातली. माझं दुकान मी बंद ठेवलं आणि तुमच्या गादीवर बसले. आधी कोणी आलं नाही. मग जुने दोघंतिघं आले, पायरीवर चपला काढून बसले, चहा झाला. दुपारी एक बाई खेड्यावरून आली, खण आहेत का म्हणाली. मी म्हणाले, माल संपलाय. ती परत निघाली तेव्हा सुमनबाई म्हणाल्या, उन्हाचं आलाय, बसा तरी. ती बसली, पाणी प्याली, पोरीच्या लग्नाचं सांगत राहिली. सुमनबाई तिला विचारत होत्या, आत्या किती आहेत, त्यातली मानाची कोण. अगदी तुमच्यासारखं विचारत होत्या. मला तिथं बसवेना आणि उठवेना.

दिवेलागणीला अजय म्हणाला, ओढू का आता? सुमनबाई म्हणाल्या, थांब. आम्ही थांबलो. चष्मेवाल्यानं बंद केलं, मिठाईवाल्यांनी केलं, मोबाइलवाल्या पोरानं जाता जाता आत डोकावून बघितलं आणि गेला. एकेक करून सगळ्या लाइनीची शटरं खाली आली. दत्ताशेठ, बोहनी काही झाली नाही. पण काल मेन रोडवर सगळ्यात शेवटी बंद झालं ते तुमचं दुकान.